बोटभर रुंद

माझ्या फोनला अजून कोणी सांगितलेलं नाही. सकाळी परसात पाटावर बसून मी बांगडे साफ करायला घेते तेव्हा तो समोर भिंतीला टेकवलेला असतो, आणि त्यावर जगभरच्या जिम्नॅस्टिक्सच्या बातम्या एकामागून एक येत राहतात. कुठल्याशा देशात कोणीतरी नवीच उडी मारली. कुठे मुलींनी प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. कुठे निवड समितीच बरखास्त झाली. हाताला माशाचं पाणी असतं म्हणून फोन बंद करता येत नाही, आणि खरं सांगायचं तर करवतही नाही. माझी लेक आता त्यातली एकही बातमी ऐकत नाही. माझ्या फोनचा आवाज आला की ती उठून आत जाते.

एके काळी मीच तिला या बातम्या वाचून दाखवायचे. त्या वाचून वाचून मला मतंही फुटली होती. अवघड उडीला जास्त गुण द्यावेत की साध्या पण सुबक उडीला, यावर परदेशातले लोक इतक्या तावातावाने भांडतात की मला आमच्या जत्रेतल्या मानपानाची भांडणं आठवायची. मी सुबक उडीच्या बाजूची होते. मुलींनी तोकड्या कपड्यांऐवजी पायभर पोशाख घालून खेळलं तर चालावं का, असाही एक वाद होता. त्यावर तर मी खानावळीतली भांडी तशीच ठेवून खाली मोठीच्या मोठी प्रतिक्रिया लिहिली होती. माझं म्हणणं एवढंच होतं की जिला उलटं व्हायचंय तिने ठरवावं, बघणाऱ्यांनी आपले डोळे सांभाळावेत. हे मी जगाला उद्देशून लिहिलं असलं तरी माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच वाडीतल्या दोघीचौघी होत्या. त्यातल्या कोणाच्याही ते वाचनात आलं नाही, हे बरंच झालं म्हणायचं.

आमचं घर किनाऱ्याला लागून, माडांत. नवरा बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात मी, लेक आणि मोठे भावजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. होड्या बांधल्या. विजयदुर्गापासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत त्यांच्या हातच्या होड्या पाण्यात होत्या. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांचं काम बसलं. मग ते माझ्या खानावळीची बाकं कर, टुरिस्टांच्या खोल्यांची दारं बसव, अशी कामं करू लागले. कधी कुरकुर केली नाही. पण दार बसवून झाल्यावर ते त्याच्याकडे पुन्हा वळून बघत नसत. होडी झाली की मात्र पूर्वी संध्याकाळभर तिच्याभोवती फिरत राहायचे.

लेकीचं चालणं लहानपणापासून जमिनीवरचं नव्हतंच. गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवरून चालायची. ओहोळावर माडाचं खोड टाकलेलं होतं, त्यावरून उलटी, मागे मागे चालत जायची. मी ओरडून ओरडून थकले. मग शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला तसं चालताना बघितलं. सर तरुणपणी मल्लखांबातले. जिम्नॅस्टिक्स त्यांनी एका शिबिरात आणि बाकीचं मोबाइलवर बघून शिकलेलं. पण माणूस जिद्दीचा. त्यांनी मला सांगितलं की या मुलीला बीम पाहिजे, आणि बीम आपल्या शाळेत काय, जवळपास कुठेच नाही. कणकवलीलाही नसेल, म्हणाले. बीम म्हणजे माणसाच्या छातीइतक्या उंचीवर आडवी ठेवलेली एक लांबलचक तुळई. तिच्यावर चालायचं, गिरकी घ्यायची, कोलांटी मारायची आणि शेवटी उडी मारून उतरायचं. रुंदी दहा सेंटिमीटर.

भावजींनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीच माळ्यावरून फणसाचं लाकूड उतरवलं. एका होडीसाठी घेऊन ठेवलं होतं, ती होडी झालीच नव्हती. सरांनी लिहून दिलेल्या कागदावरची मापं त्यांनी एकदा वाचली, कागद माझ्या हातात परत दिला आणि लाकूड तासायचा वाकस घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून शीळ ऐकू आली. बीम उभा राहिल्यावर सर आले, त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, मुंबईतसुद्धा असा नसेल. त्या संध्याकाळी भावजी बीमभोवती फिरत राहिले.

माप घेऊन बघायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. बोलणाऱ्याचं काय जातं. आमच्याकडे होडी बांधणाऱ्या थोरल्याच्या कामावर टेप लावत नाहीत. होडीचा कणा घातला की पुढचं सगळं त्याच्या नजरेने. तिथे दुसऱ्या कोणी माप घेतलं तर तो अपमान असतो, आणि त्या होडीचं काही बरं होत नाही असंही मानतात. एका मालकाने असं केलं तेव्हा भावजी हत्यारं गोळा करून निघून आले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सरांनाही. त्यामुळे त्या बीमला टेप लागला नाही, आणि लावावा असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. खाली पुळणीची वाळू, तिच्यावर नारळाची सोडणं भरलेली पोती, वर माडांच्या झावळ्या, आणि संध्याकाळच्या उन्हात माझी मुलगी बीमवर. ती कधी खाली बघायची नाही. पाय टाकताना नाही, गिरकी घेताना नाही. नजर समोर, समुद्राकडे. पायांनाच सगळं कळायचं. फणसाचं पिवळं लाकूड तिच्या तळव्यांनी मधोमध काळं, गुळगुळीत झालं होतं. खानावळीत जेवायला आलेले टुरिस्ट ताट सोडून बघायला यायचे, फोटो काढायचे, व्हिडिओ करायचे, आणि जाताना मला सांगायचे की इथे टॅलेंट फार आहे, त्याला फक्त संधी मिळायला हवी. मी होय म्हणायचे आणि सोलकढी वाढायचे. संधी म्हणजे काय असतं ते मला तोवर नीट कळलं होतं. पुण्याला खेळाडू मुलांचं एक सरकारी वसतिगृह आहे. तिथे खऱ्या गाद्या आहेत, खरी उपकरणं आहेत, शिकवायला माणसं आहेत. विभागातून राज्याच्या संघात गेलेल्या मुलीला तिथे घेतात, पण चौदा वर्षांच्या आतच. लेकीला तिथे जायचं होतं. दुसरं तिला काही नकोच होतं. दिवाळीचे कपडे नकोत, सावंतवाडीची लाकडी खेळणी लहानपणीसुद्धा नकोत, फक्त तिथे जायचं.

चौदाच्या आतलं तिचं शेवटचं वर्ष आलं. जिल्ह्याची स्पर्धा म्हणजे नुसतं नाव. बीमसाठी आमच्या जिल्ह्यातून तिची एकटीचीच नोंद, आणि मैदानावर बीमच नाही. स्पर्धेच्या साहेबांनी तिला जमिनीवर चार कोलांट्या मारायला लावल्या आणि पहिली आल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्या दिवशी पेपरात टेनिस बॉल क्रिकेटची अर्धं पान बातमी होती, जिंकलेल्या संघाला बोकड मिळाला होता, त्याचाही फोटो होता. लेकीचं नाव खाली एका ओळीत आलं. भावजींनी ती ओळ कापून कपाटाच्या दाराला चिकटवली.

विभागीय स्पर्धा घाटावर होती. मी, ती आणि सर गेलो. भावजींनी यायचं नाकारलं, म्हणाले मी बघत बसलो तर तिचं लक्ष जाईल. मोठा हॉल, निळ्या गाद्या, दिव्यांचा उजेड. शहरातल्या मुली केस घट्ट बांधून, चमचमते पोशाख घालून आलेल्या. आमची त्यांच्यापेक्षा काळी, बारीक आणि चपळ. मला तिची काळजी वाटत नव्हती. सरावाला मिळाली दोनच मिनिटं, त्यात ती बीमवर चढली आणि थांबली. मला वाटलं, उजेडाने दिपली असेल. मग तिचं नाव पुकारलं. ती चढली, आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी तिने खाली बघितलं.

गिरकी घेताना तिची टाच हवेत गेली आणि ती पडली. पडलं की एक गुण जातो, एवढं मला बातम्या वाचून माहीत होतं. ती उठून परत चढली. कोलांटीला हात टेकवला, तो अर्धा बाहेर. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा चढली तेव्हा समोरच्या गुण देणाऱ्या बाईंनी तिच्याकडे दयेने बघितलं. ते मला पडण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटची उडी तिने सुंदर मारली. जमिनीवर ती पक्की उभी राहिली, हात वर करून, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. गुण वाचायला आम्ही थांबलो नाही.

घाट उतरेपर्यंत ती माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली होती. सर खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर भावजींनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते तिच्यासाठी शहाळं उतरवायला गेले. तिने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, तिथला बीम बारीक होता. मी म्हटलं, सगळ्यांना तोच होता ना. ती म्हणाली, माझ्या पायांना तो लागतच नव्हता. मला काही समजलं नाही. मुलं हरल्यावर काहीतरी बोलतात असं वाटलं.

पण ते आणखी कोणी तरी ऐकलं. आमच्याकडे रोज जेवायला येणारा एक वार्ताहर आहे, तालुक्याच्या बातम्या देतो. तो मागच्या पडवीत हात धूत होता. त्याच्या पोटात मासा आणि बातमी दोन्ही फार वेळ राहत नाहीत. दोन दिवसांनी पेपरात मोठा मथळा आला, की विभागीय स्पर्धेत बीम नियमापेक्षा अरुंद होता आणि त्यामुळे किनाऱ्यावरच्या गुणी मुलीवर अन्याय झाला. खाली त्याने स्वतःचं मतही जोडलं होतं. घाटावरचे लोक कोकणाला कसे डावलतात, खेळातलं राजकारण, सगळं. गावाला जिम्नॅस्टिक्स कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण त्या दिवशी प्रत्येकाला त्यात मत होतं. ज्या बायका तिच्या कपड्यांवरून नाकं मुरडायच्या त्याच माझ्याकडे येऊन अन्याय म्हणत होत्या. मोबाइलवरच्या गावाच्या ग्रुपवर निषेध चालला होता. मला, खोटं का सांगू, बरं वाटलं. कोणाला तरी दोष देता येतो तेव्हा दुःख थोडं उभं राहू शकतं.

भावजी रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचतात, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. ती बातमी त्यांनी दोनदा वाचली. त्यानंतर चारेक दिवसांनी त्याच पेपरात आतल्या पानावर लहानसा खुलासा आला. आयोजकांनी पंचांसमोर बीम मोजून दाखवला होता. रुंदी बरोबर दहा सेंटिमीटर. भावजींनी तोही मोठ्याने वाचला, आणि त्यांचा आवाज चढला. खोटारडे, म्हणाले. वार्ताहर तेव्हा चहा पीत बसला होता. दहा म्हणजे किती असतं ते मी दाखवतो, असं म्हणून भावजींनी त्याला उठवलं, खुंटीवरचा टेप घेतला आणि आम्ही सगळे बीमपाशी गेलो.

त्यांनी स्वतःच्या हाताने टेप लावला. वाकून बघितलं. टेप काढला, पुसला आणि परत लावला. मग त्यांनी आमच्याकडे न बघता टेप गुंडाळायला घेतला, आणि तो गुंडाळता गुंडाळता त्यांच्या हातून दोनदा सुटला. वार्ताहर काहीतरी पुटपुटून निघून गेला. टेपवरचा आकडा मीही बघितला होता, दहाच्या बराच पुढे.

"चेडू पडात म्हणान दोनय बाजूंन बोटभर जास्त ठेवलेलंय," भावजी म्हणाले. "पाय बसले काय तासतलंय म्हटलंय. ता रवान गेला."

पोर पडू नये म्हणून बोटभर जास्त, आणि मग तासायचं राहूनच गेलं. नव्या होडीलाही ते आधी असंच जास्त ठेवायचे, हे मला माहीत होतं. बसायच्या फळ्या आधी रुंद ठेवायच्या, माणसं वावरायला लागली की मग तासून घ्यायच्या. इथे एकच माणूस वावरत होतं, आणि त्याचे पाय इतके छान बसले की तासायची आठवण कोणाला झालीच नाही. मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता, म्हणजे निदान रडता तरी आलं असतं. ज्याने आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही त्याच्यावर ओरडायचं तरी काय म्हणून? मी म्हटलं, भावजी, चला, चहा थंड होतोय. ते आले नाहीत.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच मला रोज आठवते. त्या दिवसांत लेक संध्याकाळी बीमवर चढतच होती. वसतिगृहाचं दार बंद झालं होतं, हे तिला कळलेलं होतं. सर सांगत होते, पुढच्या वर्षी सतराच्या गटात बघू, खेळ संपत नाही. ती शाळेतून आली की चढायची. ज्या पायांना तिथे बीम सापडला नव्हता त्यांना इथे सगळं सापडायचं. नजर समोर, समुद्राकडे. गिरकी, कोलांटी, उडी. मी चूल सोडून बघत राहायचे. मला वाटायचं, जाऊ दे राज्य आणि जाऊ दे पुणे, हिचं हे एवढं तरी हिच्याजवळ राहिलं. एवढं राहिलं तर मुलगी वाचली, असं मी मनाशी म्हणायचे.

मोजमापाच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर भावजींनी रंधा काढला. त्यांनी मला विचारलं नाही. थोरल्याच्या कामात आम्ही बोलत नाही. आणि मलाही ते बरोबरच वाटलं होतं. चूक झाली होती, ती सुधारत होते. पुढच्या वर्षी तरी तिला खऱ्या मापाचा बीम मिळेल. दुपारभर रंध्याचा आवाज येत होता. मी दोनदा चहा नेऊन दिला. दोन्ही बाजू तासून झाल्यावर त्यांनी वरूनही रंधा फिरवला, कडा जुळाव्यात म्हणून. मग टेप लावला. मला बोलावून दाखवला. बरोबर दहा. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता, आणि पेपर वाचल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर थोडी हुशारी आली होती.

लेक आली. दप्तर पायरीवर ठेवून नेहमीसारखी बीमकडे गेली, आणि थबकली. लाकूड पिवळं धमक, कोरं झालेलं. तिच्या पायांनी काळी पडलेली मधली पट्टी नव्हती. भावजींनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बोटभर जास्त का ठेवलं होतं, ते तासायचं कसं राहिलं आणि आता कसं बरोबर झालंय. चढ म्हणाले. ती चढली, त्यांच्यासाठीच चढली असणार. बीमच्या टोकाला उभी राहिली, हात पसरले, पाय पुढे केला.

आणि तिने खाली बघितलं.

पाय तसाच हवेत होता. मग तिने तो मागे घेतला, बसली, आणि लहान मूल ओट्यावरून उतरतं तशी हात टेकून उतरली. पडली नाही. मला वाटतं, पडली असती तर बरं झालं असतं. तिने बीमवर हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काका, माझो बीम खंय गेलो?" तिने विचारलं. रागाने नाही, खरोखरच विचारलं.

भावजी रंधा हातात घेऊन उभे होते.

"लाकूड कमी करूक येता माका, गो," ते म्हणाले. "वाढवूक येणा नाय."

ती त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या हातातला रंधा काढून घेतला आणि खाली ठेवला. मग केरसुणी आणून बीमखालची सालपटं गोळा करायला लागली, आणि ते तिला टोपली धरून देत होते. ती परत कधी चढली नाही. सर दोनदा येऊन गेले, मग यायचे थांबले. हल्ली त्या बीमवर टुरिस्टांचे ओले टॉवेल वाळतात, आणि भावजी समुद्राकडे जाताना मागच्या वाटेने जातात.

ती टोपली मी दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या चुलीशी नेली. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं होतं. वरची सालपटं पिवळी होती. खालची काळी, गुळगुळीत, एका बाजूने चमकणारी. ती मी हातात घेऊन ओळखली, आणि मग चुलीत घातली, कारण आतून कोणीतरी पाणी झालं का म्हणून विचारत होतं.